फरक

१

आमच्या मिलमध्ये तासातासाला पाच नमुने काढायची पद्धत मी सुरू केली. त्याआधी तांदूळ चांगला की वाईट हे मालकाच्या तळहातावर ठरायचं. दुर्गाप्रसादशेठ पोत्यात हात घालायचे, मूठभर दाणे तळहातावर पसरायचे, फुंकर मारायचे आणि म्हणायचे, ‘चलेगा.’ पुढे त्यांचा मुलगा हिमांशु कारभार पाहू लागला, बाहेरगावचे मोठे खरेदीदार आले, आणि त्यांना ‘चलेगा’ चालेना. त्यांना आकडे पाहिजे होते. म्हणून मला घेतलं.

मिल उसन्या तांदळाची, म्हणजे धान उकडून, वाळवून मग कांडायचं. गोंदियाहून तिरोड्याकडे निघालं की रस्त्याला लागूनच आहे. माझी खोली पॅकिंगच्या बाजूला. एक टेबल, वजनकाटा, ओलावा मोजायचं यंत्र, पांढरी ताटं, भिंग आणि एक जुना कॉम्प्युटर. पॅकिंगच्या तोंडाशी चैतराम असायचा, चाळिशीतला, दवनीवाड्याचा, मिलमध्ये सगळ्यांत जुना. तो पोत्यात परखी खुपसायचा. पोकळ सळीतून दाणे घरंगळत खाली यायचे. अशा पाच पुड्या तो माझ्या टेबलावर आणून ठेवायचा. मी प्रत्येक पुडीतली कनकी, म्हणजे तुकडा, वेगळी काढायची, तोलायची, आणि शंभरात किती ते एक्सेलमध्ये टाकायची. पाच आकडे टाकले की शीट आपोआप दोन गोष्टी काढायची, पाचांची सरासरी आणि पाचांतला फरक. सर्वांत मोठ्या आकड्यातून सर्वांत लहान वजा केला की तो फरक. दोन्हींचे आलेख. मधे एक रेघ, वर-खाली दोन लाल रेघा. ठिपके लाल रेघांच्या आत वरखाली होत राहिले की मिल ठीक चाललीय.

फरक असणारच. एकाच पोत्यातून पाचदा मूठ काढा, पाच मुठी सारख्या येत नाहीत. फरक फार वाढला तर मशीनमध्ये काहीतरी बिघडलंय असं समजायचं. फार कमी झाला तर आकडे कोणीतरी मनानं लिहितोय असं समजायचं. मला एवढंच शिकवलं होतं, आणि तीन हंगाम एवढ्यावर भागलं.

संध्याकाळी तपासून झालेला तांदूळ पिशवीत भरून मी घरी न्यायची. सगळेच नेत. नागऱ्याला आमचं घर, घरात आई आणि बाबा. बाबांना सगळा भाग भोजराज पेंटर म्हणून ओळखतो. झाडीपट्टीतल्या नाटकांचे परदे ते रंगवायचे. राजवाडा, जंगल, तलाव. पाच वर्षांपासून त्यांचे हात हलत होते. कंपवात. ब्रश राहू द्या, घासही तोंडापर्यंत जात नसे. आई भरवायची.

२

दिवाळीनंतरच्या नव्या धानाला मिल लागली होती. एका सकाळी मी पाच आकडे टाकले आणि फरकाच्या चौकटीत शून्य आलं.

शून्य येऊ शकतं. क्वचित येतं. मी पुढच्या तासाची वाट पाहिली. पुन्हा शून्य. दुपारी जेवून आले, पुन्हा शून्य. आलेखावर फरकाचा ठिपका तळाला जाऊन बसला होता आणि तिथून हलत नव्हता.

मी चैतरामला आत बोलावलं. म्हटलं, “दादा, एकाच पुडीचे पाच भाग करून आणता का?”

त्याला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. “मॅडम, म्या काऊन असं करू? पाच पोते, पाच पुड्या. बारा वर्सापासून इथंच आहो मी.”

मला वाईट वाटलं. पण मी परखी हातात घेतली आणि स्वतः गेले. पट्ट्यावरून पोती सरकत होती. मी एकातून नमुना काढला, मग बरंच थांबून दुसऱ्यातून. एकातून वरचा, एकातून अगदी बुडाचा. बुडाशी कनकी जास्त बसते, हे मिलमधल्या मांजरालाही माहीत असतं. पाचही पुड्या मीच आणल्या, मीच तोलल्या.

पाचही आकडे तेच होते.

मग मी काटा तपासला. पितळी वजनं ठेवून पाहिली, काटा बरोबर होता. एक पुडी मुद्दाम अर्धी सांडून तोलली, काट्यानं कमी दाखवलं. शीटमधली सूत्रं एकेक उघडून पाहिली. नवीन शीट बनवली. काहीही बिघडलेलं नव्हतं.

हिमांशु आला तेव्हा मी स्क्रीन त्याच्याकडे वळवली. तो वाकून पाहू लागला.

“मतलब फरक झीरो?”

“हो.”

“मॅडम, ये तो बढिया है! हेच तर पाहिजे होतं पार्टीला.” त्यानं मोबाइलवर फोटो काढला. “तुम्ही टेन्शन कायले घेता?”

मी म्हटलं, असं होत नसतं. तो हसला. म्हणाला, “नहीं होता था. अब हो रहा है.”

३

लाल रेघा मागच्या फरकांवरून ठरतात. फरक शून्य येत गेला तशा त्या दर दिवशी थोड्या मधल्या रेघेकडे सरकत गेल्या. वरची खाली, खालची वर.

एका दुपारी मी पाचही पुड्यांतली कनकी पाच ताटांत पसरली. नुसतं वजन सारखं आहे की आणखी काही, हे पाहायचं होतं. चिमट्यानं तुकडे लांबीप्रमाणे ओळीत लावू लागले. पहिल्या ताटात एक तुकडा होता, अर्धी लाल साल चिकटलेली, टोकाशी उंदरानं कुरतडल्यासारखी खाच. दाण्याला अशी खाच मी कधी पाहिली नव्हती, म्हणून लक्षात राहिला.

दुसऱ्या ताटात तो होता.

मी भिंग धरलं. तीच साल, तशीच अर्ध्यावर फाटलेली. तीच खाच. तिसऱ्या ताटात शोधायला मन घेईना, पण डोळे गेलेच. तो तिथेही होता. मला वाटलं चिमट्याला चिकटून एकच दाणा इकडून तिकडे जातोय. म्हणून पाचही ताटांतले ते पाच तुकडे मी एका काळ्या कागदावर शेजारी शेजारी ठेवले. पाच होते. मी बोटानं एकेकाला स्पर्श केला.

चैतराम दारात उभा होता. त्याला जवळ बोलावलं. तो कागदावर वाकला. मग मागे सरला.

“मॅडम, आवाज ऐकला का तुमी?”

“कसला?”

“मिलचा. पहिले पट्टा घसरत होता. मधामधात फट्ट वाजत होतं. कधी लवकर, कधी उशिरा. आता आयका.”

मी ऐकलं. मिलचा आवाज मला इतका सवयीचा होता की तो मला ऐकूच येत नसे. आता ऐकू आला. घरघर होती, पण तिच्यात कुठेच काही अडखळत नव्हतं. कोणीतरी एकच क्षण पुन्हा पुन्हा वाजवत असावं तशी.

“पट्टा बदलला असेल,” मी म्हटलं.

“कोणी नाही बदलवला,” तो म्हणाला. कागदाकडे त्यानं पुन्हा पाहिलं नाही. “पाहू नका तुमी हे. मोजून राहिल्या त मोजा, पण असं जवळून पाहू नका.”

दुसऱ्या दिवशी चैतराम कामावर आला नाही. त्यानंतरही नाही. फोन केला तर त्याची बायको म्हणाली, ते शेतावर गेले, मिलमधी नाही येत म्हणते आता. का, ते तिलाही सांगितलं नव्हतं.

४

त्याच आठवड्यात बाबांचा हात थांबला.

मी सकाळी ओसरीत आले तर ते खुर्चीवर बसून चहा पीत होते. स्वतः. कप एका हातात, बशी दुसऱ्या हातात. मी जागीच उभी राहिले. आई चुलीपाशी बसली होती आणि पदर तोंडाला लावून रडत होती.

“पाह्य,” ती म्हणाली. “पाह्य तुया बाबाले.”

बाबा हसले. कप बशीत ठेवला. आवाजही झाला नाही.

त्या दिवशी मी मिलला गेलेच नाही. आम्ही तिघं महादेवाच्या देवळात गेलो. बाबा आपल्या पायानं पायऱ्या चढले. आईनं पाच वर्षांपूर्वी नवस बोलला होता, तो फेडायचं ठरवून टाकलं. शेजारच्या जमुनाबाई वाटेत भेटल्या, बाबांचा हात हातात घेऊन उलटासुलटा करून पाहू लागल्या. “भोजराजभाऊले मस्तच फरक आहे ना बाई! का दवा केली?”

दवा काहीच नवी नव्हती. जुन्याच गोळ्या. ‘फरक’ हा शब्द का खटकला ते तेव्हा मला कळलं नाही. मी आनंदातच होते. बाबांनी संध्याकाळी मागच्या खोलीतून रंगाचे डबे काढले. त्या खोलीत त्यांचे जुने परदे गुंडाळून ठेवलेले, घासलेटचा आणि सरसाचा वास भरलेला. वाळलेले रंग त्यांनी टोकरून पाहिले, मला नवे आणायला सांगितले, आणि अंगणात एक जुना पुठ्ठा टेकवून बोदलकशाचा तलाव रंगवायला घेतला. मातीची पाळ, पळसाचं झाड, काठाला बांधलेला एक डोंगा. मी त्यांच्या मागे बसून पाहत होते. हात असा जात होता जसा माझ्या लहानपणी जायचा.

नाही. तसाही नाही. लहानपणी बाबा एक रेघ मारायचे, मागे व्हायचे, शिवी हासडायचे आणि ती पुसायचे. आता ते मागे होत नव्हते.

५

डॉक्टरांना दाखवायला मी त्यांना गोंदियाला नेलं. डॉक्टरांनी हात समोर धरायला सांगितले, बोटं नाकाला लावायला सांगितली, चालवून पाहिलं. त्यांना फार आश्चर्य वाटलं आणि आनंदही झाला. म्हणाले, असं सहसा होत नाही, पण झालं तर आपण तक्रार करायची नाही. मग रीत म्हणून हृदयाची पट्टी, ईसीजी, काढली.

पट्टी टेबलावर पसरून त्यांनी फूटपट्टीनं दोन ठोक्यांमधलं अंतर मोजलं. मग पुढचं. मग त्याच्या पुढचं.

मी विचारलं, “काही खराबी आहे का?”

“खराबी नाही.” त्यांनी सिस्टरला दुसरं मशीन आणायला सांगितलं. पुन्हा पट्टी निघाली. दोन्ही पट्ट्या एकावर एक ठेवून त्यांनी खिडकीच्या उजेडात धरल्या. मला मागून दिसत होतं. दोन पट्ट्यांची एकच रेघ झाली होती.

“श्वास आत घेताना ठोके थोडे लवकर पडतात,” ते हळू म्हणाले. “सोडताना सावकाश. एवढा तरी फरक माणसात असतो.”

“मग?”

“मशीन असेल.” त्यांनी पट्ट्या घडी करून माझ्याकडे दिल्या. “तब्येत चांगली आहे यांची. वयाच्या मानानं फारच चांगली.” हे बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, बाबांकडे तर नाहीच.

परतताना ऑटोत बाबा माझ्या शेजारी बसले होते. रस्त्यात खड्डे होते. मी इकडून तिकडे आदळत होते.

६

बाबांनी तलावाची चित्रं बरीच रंगवली. एक देवळाच्या सभामंडपात लावलं, एक जमुनाबाईंना दिलं, एक माझ्या खोलीत टांगलं. जमुनाबाईंकडे मी विरजण मागायला गेले होते. त्या आत गेल्या तेव्हा मी भिंतीवरच्या चित्राजवळ गेले.

डोंग्याखाली निळ्या रंगाचा एक ओघळ होता, चुकून आलेला. त्यात ब्रशचा एक केस अडकून वाळला होता, वाकडा. माझ्या खोलीतल्या चित्रात तो ओघळ मी रोज पाहायची. तो केस नखानं काढायचाही एकदा प्रयत्न केला होता.

विरजण न घेताच मी परत आले. माझ्या चित्रात केस होता तिथेच होता.

त्या दिवशी मी आईला म्हटलं, मिलचा तांदूळ रांधायचा नाही. दुकानातून आणू. आई म्हणाली, काऊन, काय धाड भरली त्या तांदळाले? तांदळामुळेच झालं असं मी आजही म्हणत नाही. तोच भात आईही खात होती, मीही खात होते. पिशवी मी गायीपुढे टाकली. बाबांमध्ये काही बदललं नाही. रोज मी दारात पाऊल टाकलं की ते म्हणत, “आली का, बाई? ऊन लागलं असन.” पौषातल्या थंडीतही तेच म्हणत, त्याच सुरात, ‘बाई’वर तसंच थांबून.

एकदा मात्र वेगळं झालं. पहाट उजाडता उजाडता मागच्या खोलीतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. मी गेले तर बाबा जमिनीवर बसले होते, गुंडाळलेल्या परद्यांना टेकून. हात मांडीखाली दाबून धरले होते. माझ्याकडे पाहिलं तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते.

“अंजू,” ते म्हणाले, “मले हलव.”

“काय झालं बाबा?”

“हलव मले. जोरानं. म्या थांबून राहिलो.”

मी त्यांचे खांदे धरले. आधी हळू, मग ते ‘आणखी, आणखी’ म्हणू लागले तसे जोरात. त्यांचं डोकं मागेपुढे होत होतं. मला रडू येत होतं. मग मांडीखालून त्यांचा उजवा हात निसटला आणि मी पाहिलं, बोटं हलत होती. जुन्यासारखी, वेडीवाकडी. बाबांनी तो हात दुसऱ्या हातानं छातीशी धरला, मांजराचं पिल्लू धरावं तसा.

दारातून आई म्हणाली, “का करून राहिली तू? सोड त्यायले.”

तिनं मला उठवलं, बाहेर पाठवलं आणि दार लोटून घेतलं. थोड्या वेळानं मी ओसरीत आले तर बाबा खुर्चीवर बसले होते, चहा पीत होते. डोळे कोरडे होते. मी विचारलं, “बाबा, बरं वाटतं का?”

“आली का, बाई?” ते म्हणाले. “ऊन लागलं असन.”

७

मी हिमांशुला म्हटलं, लाइन थांबवा. एक दिवस मिल बंद ठेवा, सगळं खोला, पाहू.

“काय पाहायचं?”

“मला माहीत नाही. पण तिन्ही रेघा एक झाल्या आहेत.” मी त्याला आलेख दाखवला. लाल रेघा मधल्या रेघेत जाऊन मिळाल्या होत्या आणि ठिपके तिच्यावर मण्यांसारखे बसले होते. “आता एक दाणा इकडचा तिकडे झाला तरी तो बाहेर पडेल. पण तो होतच नाही.”

“तो प्रॉब्लेम क्या है, मॅडम? लोक यासाठी करोडोची मशीन लावतात.” तो वाईट माणूस नव्हता. माझ्यासाठी त्यानं चहा मागवला. म्हणाला, घरी काही टेन्शन आहे का, बाबूजी ठीक आहेत ना? मी म्हटलं, ठीक आहेत. फारच ठीक आहेत. तो म्हणाला, बस, मग देवाचे आभार माना.

तो गेल्यावर मी शीट उघडली. मग एक वेडेपणा केला. पुड्या न उघडता, न तोलता, मनाला येतील ते आकडे शीटमध्ये टाकू लागले. कमी, जास्त, कसेही. त्यानं काही होणार नव्हतं हे मलाही कळत होतं. पण कुठेतरी, निदान त्या पडद्यावर तरी, मला फरक पाहायचा होता. दर तासाला पाच आकडे, वर न पाहता, बोटं नेतील तसे. संध्याकाळी आलेख उघडला.

दोन सपाट रेघा.

फरक शून्य नव्हता. पण दर तासाला तेवढाच होता. मी वर सरकवत गेले. पहिल्या ओळीत मी जे पाच आकडे मनानं टाकले होते तेच दुसऱ्या ओळीत होते, त्याच क्रमानं. तिसऱ्या ओळीत तेच. दिवसभर मी एकच ओळ लिहिली होती आणि प्रत्येक वेळी मला वाटलं होतं की हे आकडे आत्ताच सुचले.

मी हात टेबलावरून काढले आणि मांडीवर ठेवले. ते अगदी स्थिर होते.

८

दुसऱ्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली. दोघांना घेऊन कुठेतरी निघून जायचं, एवढंच ठरलं होतं. बालाघाटला मावशी आहे, तिच्याकडे जाता आलं असतं.

घरी आले तेव्हा दुपार होती. ओसरीत बाबा खुर्चीवर बसले होते, हात गुडघ्यांवर.

“आली का, बाई? ऊन लागलं असन.”

“हो बाबा,” म्हणत मी चपला काढल्या आणि पाणी प्यायला आत गेले. मधल्या खोलीत अंधार होता. उन्हातून आल्यामुळे आधी दिसलं नाही. दिवाणावर कोणीतरी बसलं होतं, हात गुडघ्यांवर.

“आली का, बाई?”

मी भिंतीला धरलं. मान वळवली. दारातून ओसरी दिसत होती. खुर्ची दिसत होती, बाबांची पाठ, मानेवरचा तीळ. इकडे पाहिलं. दिवाणावर बाबा माझ्याकडे पाहून हसत होते.

“ऊन लागलं असन.”

सैपाकखोलीत आई ताटं मांडत होती. मी तिचा हात धरला.

“हळू बोल,” ती म्हणाली, मी काही बोलायच्या आधीच.

“आई, बाहेर बाबा आहेत. आणि आत...”

“मालूम आहे मले. कवाचीच तिघायले वाढून राहिली मी.”

“तिघांना?”

तिनं मागच्या खोलीकडे पाहिलं. दाराला बाहेरून कडी होती. आमच्या घरात त्या दाराला दिवसा कधी कडी नसायची.

“आई, तिथं कोण आहे?”

ती वरण ढवळत राहिली. “हलते तो,” ती म्हणाली. “अजून हलते. रातदिन मुकाट्यानं रडते. ह्यायले पाहिलं का आणखी रडते. म्हून कडी लावतो मी. उपाशी नाही ठेवलं, अंजू. माया हातानं भरवतो.”

“ते बाबा आहेत, आई.”

“हेबी तेच आहेत.” तिनं पळी खाली ठेवली आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. ती किती थकली होती ते मी तेव्हा पाहिलं. “हे आपल्या हातानं जेवते. हासते. रातीले उठून पडत नाही. पाच वर्स म्या त्याचं हागणंमुतणं काढलं. तू त मिलमधी रायत होती. आता मले जरासं बसू दे.”

मी दाराशी गेले. आतून आवाज येत होता. टाच असावी, किंवा बोटांची हाडं, लाकडावर आपटत होती. टक. मग बराच वेळ काही नाही. मग टक टक, एकात एक अडकलेले. मग एक हलका, मग एक जोरात. त्या आवाजाइतकं जिवंत काही मी कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं.

“बाबा,” मी दाराला तोंड लावून म्हटलं. “बाबा, मी आहे. मी हलवते तुम्हाला. थांबा.”

आई मागून म्हणाली, “नको उघडू, अंजू.” तिनं मला धरलं नाही.

कडी घट्ट बसली होती. गंजलेली, आईनं ठोकून बसवलेली. मी दोन्ही हातांनी ओढली. बोटं सोलली. आत टक. टक टक. मग टक. मी कडीवर पाट्याचा वरवंटा मारला तशी ती जराशी सरकली. आतला आवाज थांबला नाही, उलट जवळ आला. दाराच्या पलीकडे, माझ्या कपाळाएवढ्या उंचीवर. टक. टक टक.

टक. टक.

मी कडी ओढत होते आणि ऐकत होते. टक. टक. टक. मला वाटलं मलाच भास होतोय. मी श्वास रोखून धरला. दोन आवाजांमधली जागा एकसारखी होत चालली होती. मोठी नाही, लहान नाही. टक. टक. टक. टक.

कडी सुटली तेव्हा त्यात काहीही फरक राहिला नव्हता.

ओसरीतून आणि मधल्या खोलीतून खुर्ची-दिवाण करकरल्याचा आवाज एकाच वेळी आला. आईनं ताटात भात वाढायला घेतला. दार माझ्या हाताच्या नुसत्या भारानं आत जाऊ लागलं होतं. फटीतून घासलेटचा वास आला, आणि अंधारात, अगदी जवळ, कोणीतरी बोलायला तोंड उघडल्याचा तो ओला आवाज.

मी दार ओढून घेतलं आणि कडी परत लावली.